बॉडी

बाबांना जाऊन चौदा महिने झाले आणि घरपट्टीचं बिल त्यांच्याच नावानं आलं. आलं ते आलं, वर दोनशे बारा रुपये मागील बाकी आणि त्यावर शास्ती. ज्या माणसानं वाण्याचे सव्वा रुपये राहिले तर रात्री चप्पल घालून परत जाऊन दिले, त्याला शास्ती! मी बिल घेऊन तडक कार्पोरेशनमध्ये गेले. गावाचं नाव सांगत नाही, कारण ते महत्त्वाचं नाही. तुमच्या गावातही हेच झालं असतं.

तळमजल्यावर जन्म-मृत्यूची खिडकी आहे. तिथूनच मी बाबांचा दाखला घेतला होता, गोल शिक्क्यासकट. घरपट्टी पहिल्या मजल्यावर. तिथल्या कारकुनानं बिल उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "ताई, मयताचं नाव कमी करायचं तर मृत्यूचा दाखला जोडावा लागेल."

"अहो, तो तुम्हीच दिलाय."

"आम्ही नाही. तो खालच्यांनी दिला."

"पण खालचे म्हणजे कार्पोरेशनच ना?"

"हो, पण आमच्याकडे कागद यायला नको का?"

म्हणजे कार्पोरेशनला तळमजल्यावर कळलं होतं की बाबा गेले, पहिल्या मजल्यावर अजून कळायचं होतं. जिन्याच्या चोवीस पायऱ्या. मी खाली उतरून झेरॉक्स काढली, सत्यप्रत करून घेतली, वारसांचं प्रतिज्ञापत्र आधीच जवळ होतं ते जोडलं. अर्ज घेताना तो सहज बोलून गेला, "बिल माणसाला नसतं हो ताई, मिळकतीला असतं. नाव काय, बदलत राहतं." मग त्यानं टाचणी शोधली.

मला राग यायला हवा होता. पण त्याचं वाक्य डोक्यात अडकून बसलं, कारण माझं पोट भाषांतरावर चालतं आणि असलीच वाक्यं मी दिवसभर मराठीत आणत असते. संस्थांचे कायदे, नियमावल्या, करारनामे. त्यांत एक शब्दजोडी हमखास येते, 'बॉडी कॉर्पोरेट'. सरकारी परिभाषेत तिला 'निगम निकाय' म्हणतात. त्याची अखंड परंपरा असेल, त्याची सामायिक मोहोर असेल, त्याला त्याच्या नावानं दावा लावता येईल आणि त्याच्यावरही लावता येईल, असं पुढचं वाक्य ठरलेलं. 'निगम निकाय' लिहिताना मी कैक वर्षं मनातल्या मनात हसत आले. कुणाला कळतं हे? रस्त्यावर उभं राहून दहा जणांना विचारा, नऊ जण विचारतील की हे कुठल्या ठाण्याचे पोलीस निरीक्षक.

गंमत अशी की याच गोष्टीला गावात सरळ शब्द आहे. 'बॉडी'. विकास सोसायटीची बॉडी, ग्रामपंचायतीची बॉडी. "नवीन बॉडी बसली." "बॉडीत आपली चार माणसं आहेत." "बॉडी बरखास्त झाली." महापालिकेत सर्वसाधारण सभेला 'जीबी' म्हणतात, तीही जनरल बॉडीच. आणि ससूनच्या किंवा जेजेच्या दारात उभे राहिलेले नातेवाईक ज्याची वाट बघत असतात तीही 'बॉडी'च. ताब्यात घ्यायची. एकच शब्द आपण निवडून आलेल्या मंडळींना आणि मढ्याला सारखाच वापरतो, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

यात चूक काहीच नाही. उलट हेच मूळ आहे. लॅटिनमध्ये 'कॉर्पुस' म्हणजे देह, जिवंत किंवा मेलेला. त्यावरून 'कॉर्पोरारे', म्हणजे देह देणं, अनेकांचा मिळून एक देह करणं. त्यातून कॉर्पोरेशन. कोर्टातला हेबियस कॉर्पस तिथलाच, 'देह हजर करा'. इंग्रजीतला प्रेताचा शब्द तिथलाच, आणि बायकांच्या बरगड्या आवळणारा तो कॉर्सेटही त्याच घरचा. नफा, धंदा, शेअर बाजार, काचेची इमारत, गळ्यातलं ओळखपत्र यांतलं काहीही त्या शब्दाच्या पोटात नाही. होता फक्त देह.

हे लिहायचं कारण म्हणजे हल्ली 'कार्पोरेट' हा शब्द आपण एका विशिष्ट नाकानं उच्चारतो. मुलगा 'कार्पोरेटमध्ये' आहे म्हणजे पगार बरा आहे आणि घरी रात्री दहाला येतो. 'कार्पोरेट शेती' म्हणजे आता जमीन गेली. 'कार्पोरेट हॉस्पिटल' म्हणजे डिपॉझिट आधी. आणि त्याच आईचं दुसरं लेकरू, 'कार्पोरेशन', म्हणजे नळाला पाणी का येत नाही ते विचारायची जागा. तिथला 'कार्पोरेटर' पांढऱ्या कपड्यांतला. (विलायतेत कार्पोरेटर म्हटलं तर चटकन कळणार नाही, तिथे कौन्सिलर असतो.) कार्पोरेटवाल्याला कार्पोरेशनच्या शाळेत कुणी पाठवत नाही आणि कार्पोरेटर कार्पोरेट पार्कचं उद्घाटन करतो, पण हे दोघं सख्खे भाऊ आहेत हे कुणाच्या गावी नसतं.

रोमन लोकांनी या प्रकरणात एक फार हुशारीची गोष्ट करून ठेवली. उल्पियन म्हणून एक कायदेपंडित होता, तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. तो म्हणतो, समूहाला जे येणं आहे ते एकेकट्याला येणं नाही, आणि समूह जे देणं लागतो ते एकेकटा देणं लागत नाही. बस. एवढ्यावर पुढची अठराशे वर्षं उभी आहेत. सोसायटीनं लिफ्टवाल्याचे पैसे थकवले तर तो तुमच्या घरातला फ्रिज उचलून नेऊ शकत नाही, त्याचं मूळ इथं आहे. त्यांच्या भाषेत समूहाला 'उनिवेर्सितास' असाही शब्द होता, सगळे मिळून एक. युरोपात पुढे मास्तरांनी नि विद्यार्थ्यांनी आपले असे संघ केले आणि त्या संघालाच ते नाव चिकटलं. म्हणून युनिव्हर्सिटी. म्हणजे विद्यापीठ हीसुद्धा मुळात बॉडी, इमारत नव्हे.

उल्पियनचं त्याच्याच पुढचं वाक्य मला जास्त भावतं. समजा, सभासद कमी होत होत एकच उरला, तर? तरी चालेल, तो म्हणतो. सगळ्यांचा हक्क त्या एकावर येऊन पडला, पण नाव समूहाचंच राहील, दावा समूहाच्याच नावानं चालेल. एकच माणूस, तरी तो माणूस म्हणून उभा नाही, बॉडी म्हणून उभा आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

देह दिला की पुढचा प्रश्न येतोच, आत्म्याचं काय? या प्रश्नाची उत्तरं शोधताना मोठमोठे लोक घामाघूम झालेत. १२४५ साली चौथा इनोसंट नावाच्या पोपनं ठरवून टाकलं की अख्ख्या समूहाला बहिष्कृत करायचं नाही. निरपराधही त्यात भरडले जातात, हे त्याचं कारण. त्याचं म्हणणं, असा समूह ही मनानं मानलेली व्यक्ती. पुढे १६१२ मध्ये इंग्लंडच्या सर एडवर्ड कोक या न्यायाधीशानं लंडनच्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या खटल्यात सांगितलं की कॉर्पोरेशन राजद्रोह करू शकत नाही, तिला बहिष्कृतही करता येत नाही, कारण तिला आत्माच नाही. आपल्याकडे कुणी हे वाचलेलं नसतं, पण फाइल घेऊन चार टेबलं फिरलेला कुठलाही माणूस हेच वाक्य अगदी मनापासून म्हणतो.

'कंपनी' हा शब्द मात्र याहून प्रेमळ आहे. तो भाकरीचा आहे. लॅटिनमध्ये 'पानिस' म्हणजे पाव, आणि ज्यांनी एकत्र पाव खाल्ला ते कंपनी. एका पंगतीचे. मराठीत जुन्या दुकानांवर 'आणि मंडळी' लिहायचे ते यापेक्षा चांगलं भाषांतर होऊच शकत नाही. किर्लोस्कर नाटक मंडळी म्हणजे तर शब्दशः एका पंगतीला जेवणारी कंपनी, बिऱ्हाड पाठीवर, आचारी सोबत. पण ज्या कंपनीनं आपल्यावर राज्य केलं तिचं नाव आपल्या लोकांच्या तोंडी झालं 'कुंपणी'. मुद्दाम केलं की आपोआप झालं, देव जाणे. पण कुंपणच शेत खातं ही म्हण ज्या भाषेत आहे तिला हा अपभ्रंश सुचावा याचं मला नवल वाटत नाही.

आणि ती कुंपणी म्हणजे अस्सल बॉडी. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीनं सनद दिली, पंधरा वर्षांसाठी, आणि लंडनच्या काही व्यापाऱ्यांचा मिळून एक देह झाला. त्या देहाला १६६८ साली इंग्लंडच्या राजानं मुंबई दिली, वर्षाला दहा पौंड भाड्यानं. व्यक्ती नसलेल्या व्यक्तीला बेट भाड्यानं! (मुंबईतल्या भाडेकरूंनी आपली पागडी आठवून रडू नये.) पुढे याच देहानं स्वतःच्या पोटातून दुसरा देह काढला. १६८७ च्या डिसेंबरात मद्रासला कॉर्पोरेशन करायची सनद कंपनीनं काढली आणि १६८८ मध्ये ते सुरू झालं. मेयर आला, आल्डरमन म्हणजे वरिष्ठ सभासद आले. लंडनहून कंपनीचा कारभार बघणाऱ्या जोसाया चाइल्डचा हिशोब सरळ होता. कंपनीनं कर मागितला तर लोक कुरकुरतात, त्यांच्याच चार माणसांनी मागितला तर देतील. म्हणून आल्डरमनांत हिंदू, पोर्तुगीज, ज्यू व्यापारीही घेतले. आपल्याकडच्या महापालिकेचा जन्म पाण्यासाठी नाही, दिव्यांसाठी नाही, वसुलीसाठी झालाय. माझ्या दोनशे बारा रुपयांची वंशावळ एवढी जुनी आहे.

आता माझं मुख्य भांडण. देह असेल तर त्यात कोण कोण आहे, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा.

लंडन शहराच्या कॉर्पोरेशनचं कायद्यातलं नाव फार लांबलचक आहे: लंडन शहराचे मेयर, जनसमुदाय आणि नागरिक. म्हणजे निदान नावापुरता तरी नागरिक त्या देहात आहे. आपला मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा, त्यामागे सर फिरोजशहा मेहतांची मेहनत, आणि तो अजून चालू आहे. त्या वेळी सभासद ७२. त्यांतले ३६ घरपट्टी भरणाऱ्यांनी वॉर्डांतून निवडायचे. बाकीच्यांत १६ सरकारनं नेमलेले, १६ जस्टिस ऑफ द पीस या मानकऱ्यांनी निवडलेले, दोन विद्यापीठाच्या फेलोंचे, दोन चेंबर ऑफ कॉमर्सचे. अर्धाच देह लोकांचा, पण त्या काळात एवढंही खूप होतं. आजच्या कायद्यात ती खिरापत गेली, सगळ्यांना मत आलं. पण व्याख्या तीच राहिली. महापालिका ही कोणाकोणाची मिळून बनेल? नगरसेवकांची. तुम्ही-मी त्यात नाही. आपण त्या देहाला मत देतो, कर देतो, शिव्या देतो, पण कायद्यानं आपण त्या देहाचं करंगळीचं नखसुद्धा नाही.

म्हणून आपल्या तोंडी 'कार्पोरेशनवाले' येतं. "कार्पोरेशनवाल्यांनी रस्ता खणलाय." आमच्या कार्पोरेशननं, आपण खणला, असं कुणी म्हणत नाही. एसटीला मात्र आपण 'आपली एसटी' म्हणतो, आणि तेही कायद्यानं महामंडळच, म्हणजे कॉर्पोरेशनच! उलट विजेचं मंडळ २००५ मध्ये मोडून त्याच्या कंपन्या झाल्या, तरी मीटर बघायला आला की "एमएसईबीवाला आला". नाव बदलल्यानं आतबाहेर ठरत नाही. ते आणखी कशानं तरी ठरतं.

आणि या देहाची कमाल आपण नुकतीच पाहिली आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली, निवडणुका रखडल्या आणि तीन वर्षांहून जास्त काळ तिथे एकही नगरसेवक नव्हता. राज्यातल्या आणखी कितीतरी ठिकाणी तेच. ज्या नगरसेवकांचा मिळून देह होतो असं कायदा म्हणतो ते सगळे घरी. पण देह ठणठणीत. बिलं निघत होती, रस्ते खणले जात होते, अंदाजपत्रक मंजूर होत होतं. आयुक्त हाच प्रशासक. आयुक्त म्हणून त्यानं प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून त्यानंच मंजूर करायचा. जीबी एका खुर्चीत. उल्पियनला हे दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, मी एक उरला तर चालेल म्हटलं होतं, पण तो निदान सभासदांपैकी एक असावा!

इंग्रजी कायद्यात एकट्या माणसाचंही कॉर्पोरेशन असतं म्हणा. राजा, बिशप, अगदी गावचा पाद्रीसुद्धा. माणूस मरतो, गादी मरत नाही. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. कितीतरी गावांत देवाच्या नावानं जमीन आहे आणि सातबाऱ्यावर देवच कब्जेदार. न्यायालयही मूर्तीला व्यक्ती मानतं, तेही कायम अज्ञान, म्हणजे कधीच सज्ञान न होणारी. वहिवाटदार येतात-जातात, भांडतात, देव दाव्यात पक्षकार.

पण हे सगळं साहेबानं आणलं असं मला परवापर्यंत वाटत होतं. ते नाशिकनं मोडून काढलं.

पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. काळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. लेणं भिक्षूंना दिलं, सोबत ३००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, दिली. पण रोख हातात दिली नाहीत. गोवर्धन इथल्या विणकरांकडे ठेवली. २००० एका संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं, आणि १००० दुसऱ्या संघाकडे, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं, असं स्पष्ट कोरलेलं. या ठेवीला शब्द आहे 'अक्षयनीवी'. मी तिथे उभं राहून फोनवर हिशोब केला. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. लेखातच पुढे आहे, पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा. वीस बारे २४०. पै इकडची तिकडे नाही.

आता विचार करा, उषवदातानं 'कायमचे' पैसे कोणाच्या भरवशावर ठेवले? विणकर तर मरणारच. त्याची पोरं मरणार. उषवदात जे समोर धरून बसला होता ते विणकर नव्हते, विणकरांची बॉडी होती. आणि तिला लेखात शब्द कुठला? 'कोलिकनिकाय'. निकाय! आणि हा सगळा व्यवहार वाचून दाखवला आणि नोंदवला कुठे? 'निगमसभेत'. निगम! ज्या 'निगम निकाय'ला मी वीस वर्षं हसले तो नाशिकच्या कातळात होता, आणि विणकरांसाठी होता.

घरी येऊन कोश उघडला. पाणिनीच्या व्याकरणात 'काय' आणि 'निकाय' दोन्ही 'चि' या धातूपासून येतात, चि म्हणजे रचणं, गोळा करणं. काय म्हणजे काया, देह. तिकडे कॉर्पुस, इकडे काय. दोघांनाही एकच सुचलं. हिंदीवाले अजून 'नगर निकाय' म्हणतात, 'नगर निगम' म्हणतात. आपण 'पालिका' केलं, म्हणजे पालन करणारी. महापौर शब्द सावरकरांनी दिला, तो मला आवडतो, त्यात 'पौर' म्हणजे नागरिक तरी आहे. पण 'पालिका'त आपण पाळले जाणारे झालो. निकायात विणकर हाच देह होता, त्याला कुणी पाळत नव्हतं. फरक शब्दाचा आहे असं म्हणून सोडून देता येईल, पण मला ते सोडवत नाही.

कुणी म्हणेल, बाई, एवढं आहे तर नागरिकाला देहात घेऊन दाखवा. त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही, कारण एक बॉडी अशी आहे जिच्यात कायद्यानं मी पूर्ण आत आहे. आमची हौसिंग सोसायटी. नोंदणी झाली त्या दिवशी तीही बॉडी कॉर्पोरेट झाली, एलआयसीसारखी, एसटीसारखी. आम्ही ४८ फ्लॅट, ४८ सभासद, सगळे देहाचे अवयव.

गेल्या रविवारी तिची जीबी होती. नोटिशीत नेहमीचं वाक्य होतं: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी घेतली जाईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. दहाला नऊ जण आले. सेक्रेटरीकाकांनी घड्याळ बघून सभा तहकूब केली. अर्धा तास आम्ही चहा प्यायलो आणि पार्किंगमधल्या कुत्र्यांवर बोललो. तेवढ्यात दोघं उठून गेले, एकाची भाजी राहिली होती आणि दुसऱ्याची मॅच. साडेदहाला उरलेल्या सात जणांनी पाण्याच्या टाकीचे सव्वातीन लाख मंजूर केले. काकांनी मारी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून सोसायटीचा शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दोनदा आपटला, उमटेना, तेव्हा त्याच्यावर हा करून तोंडाची वाफ दिली आणि ठरावावर दाबला.